व्हॉल्व्ह लाल हाय

राजूरच्या कोळसा खाणीत सुरुंग उडवता उडवता माझ्या दोस्ताचे कान गेले, तरी आमच्या लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार तोच वाजवायचा. आणि थाट काय सांगू! पायाशी गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग, एकेक पेडल असं दाबणार की नवरदेवानंही त्याच्याकडंच बघावं. मागं जुना, तापून लाल होणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हांचा अ‍ॅम्प.

"नवा घे ना गड्या!" मी हातवारे करत ओरडायचो.

"नाई भाऊ. याचे व्हॉल्व्ह लाल दिसले का मले समजते, आवाज चालू हाय."

परवा कळंबच्या लग्नात त्याचे सूर फारच चुकले. ऑर्केस्ट्राच्या मालकानं अ‍ॅम्पमधून गिटारची वायर गुपचूप उपटली. व्हॉल्व्ह लालच राहिले. तो झोकात वाजवत राहिला.

गाणं संपल्यावर त्यानं मला विचारलं, "इको जास्त झाला का, भाऊ?"

मी चिमटीनं दाखवलं, थोडासा.

त्यानं वाकून इकोचं बटण जपून फिरवलं.