चारी दिवे हिरवे

रिटायर झाल्यावर मी एक जुनी व्हॅन घेतली. तिच्यात आईसाठी पलंग, छोटी शेगडी, बेसिन आणि बेसिनखाली पाण्याची टाकी बसवून घेतली. लोक हसले. "काय मास्तर, घराला चाकं लावली का?" हसू देत. टाकी मात्र मी मुद्दाम मोठी घेतली होती. आई लहानपणी दुसऱ्याच्या रानात कामाला जायची, तेव्हा पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे, भांड्याला हात लागू द्यायचे नाहीत. आम्ही बौद्ध झालो तरी तांब्या बरीच वर्षं वरूनच वाकायचा. म्हणून माझा एकच हट्ट होता, आईनं आता कुणाच्या दारात पाणी मागायचं नाही.

मागच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर आम्ही दोघं घनसावंगीला मावशीकडं निघालो. निघताना आईनं विचारलं, "पाणी भरलं का रे?"

"दिवे बघ की. चारी लागलेत," मी म्हणालो. टाकीत किती पाणी आहे ते दाखवणारे चार दिवे बेसिनच्या वर आहेत. चारी हिरवे म्हणजे टाकी गच्च.

अंबडच्या पुढं एका लिंबाखाली जेवायला थांबलो. नळ उघडला तर नुसती हवा. दिवे चारी हिरवे. पंप चालू होता. फ्यूज बघितला, वायरी हलवल्या, शेवटी टाकीवर बुक्की मारली तर पोकळ आवाज. झाकण काढून टॉर्च मारला. तळाला ओल होती, बस. टाकीत कमी-जास्त लांबीच्या स्टीलच्या सळ्या असतात; पाणी जिला टेकेल तिचा दिवा लागतो. आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा खार त्यांच्यावर इतका चढला होता की सळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि त्या ओलसर खारातूनच करंट जाऊन राह्यला होता. पाण्याचा पत्ता नाही आणि दिवे जोरात.

आईची बाटलीही संपली होती. गोळी घ्यायची वेळ झाली होती. रानात थोड्या अंतरावर एक घर दिसत होतं. "तिथून आण की मागून," ती म्हणाली.

"मागायचं न्हाई. घनसावंगीला विकत घेऊ."

"तवर घशाचं काय करू?" असं म्हणून ती गुडघे धरत खाली उतरली आणि चालायला लागली. मी रिकामा कॅन घेऊन धुसफुसत मागं.

घरातली बाई तांब्यावर ग्लास पालथा घालून हसतच बाहेर आली. "या मावशी, सावलीला बसा." आईनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. बाईनं ग्लास बाजूला धरला आणि तांब्या वाकवला. माझं डोकंच फिरलं.

"ग्लास आहे ना हातात? मंग वरून काय ओतता? ते दिवस गेले आता."

बाईचा हात तिथंच थांबला. आई माझ्याकडं बघत राहिली. "तोंड धुवून राह्यले रे मी," ती हळू म्हणाली. "धूळ किती बसली."

मी काय म्हणालो ते त्या बाईला बराबर कळलं होतं. तिचा चेहरा उतरला. तिनं आईच्या हातावर पाणी घातलं, मग ग्लास भरून दिला, वर आमचा कॅनही भरून दिला. मला 'चुकलं' एवढंही म्हणता आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅन उचलून गाडीत येऊन बसलो.

"माझ्या ध्यानीमनी न्हवतं," आई म्हणाली. "तुझ्याच डोक्यात होतं."

मावशीच्या अंगणात सळ्या काढून लिंबू चोळून घासल्या, झाकणात एकमेकींपासून लांब बसवल्या. दिवे बराबर दाखवायला लागले. टाकी काठोकाठ भरली आणि परत येताना त्याच लिंबाखाली गाडी लावली.

"आता काय बिघडलं?" आईनं विचारलं.

"काही न्हाई. आलोच."

दारात जाऊन उभा राहिलो. येताना सगळ्या वाटेनं माफी घोकली होती, पण ती तोंडातून निघेना. मी म्हणालो, "ताई, पाणी देता का?"

तिनं मला ओळखलं. आत गेली. या वेळी तिनं तांब्या आणलाच नाही. ग्लास ताटलीत ठेवून, माझ्या तोंडाकडं बघत, दोन्ही हातांनी जपून पुढं केला.