घाट दोघी पायी चढल्या

माझे सासरे समोरून आले की घरातली मांजरसुद्धा थांबून वाट द्यायची. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. निजामाच्या अमलात ते तालुक्याच्या कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून, होते. पोलिस ॲक्शननंतर दफ्तरातली उर्दू गेली, मराठी आली, आणि थोड्याच दिवसांत मामंजी घरी बसले. कचेरी सुटली तरी कचेरीची रीत त्यांनी गुलमंडीमागच्या आमच्या तीन खोल्यांत चालू ठेवली. सकाळी शेरवानीची सगळी बटणं लावून ते पलंगावर बसत आणि भाजी कोणती करायची याचाही निकाल देत. निकाल बहुतेक वेळा वांग्याच्या बाजूनं लागे.

अशा घरात मी माहेरून सायकल घेऊन आले. हिरवी, लेडीज, पुढे वेताची टोपली. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती, बाकी सगळं सामायिक, अगदी कंगवासुद्धा. आज क्रांती चौक आहे त्या बाजूला तेव्हा मोकळं रान होतं. तिथं मी ती चालवायला जाई, आणि गल्ली मला बघायला येई. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या दिराचा तिच्यावर डोळा होता. वहिनीला चूल आणि सायकल दोन्ही कशाला, असं तो उघड बोलून दाखवायचा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत माझ्या नवऱ्यानं बेत काढला. तो शाळेत इतिहास शिकवायचा आणि प्रत्येक जुनी वास्तू त्यानं पन्नास पोरांची हजेरी घेत घेत पाहिली होती. आता दोघांनीच सायकलवर सावकाश जायचं, वाटेल तिथं उतरायचं. खुलताबादचे दरगाह, वेरूळ, आणि लासूरच्या पलीकडं एका फ्रेंच पाद्र्याचं गाव, तिथलं दगडी चर्च. तीन दिवस, दोन मुक्काम.

मामंजींनी एक रात्र विचार केला आणि सकाळी लेखी हुकूम दिला. सूनबाईंनी संपूर्ण प्रवास स्वतःच्या सायकलीवर करावा. बस, बैलगाडी किंवा पतीचं कॅरिअर यांचा आधार घेतल्यास सायकल दिराकडे वर्ग होईल. प्रत्येक मुक्कामी जबाबदार इसमाकडून तस्दीकनामा, म्हणजे खरेपणाचा दाखला, आणावा. दाखला नसल्यास प्रवास झालाच नाही असं समजण्यात येईल. दिरानं त्याच दिवशी सायकलीला घालायच्या तेलाची कुपी विकत आणली.

आम्ही निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं, रस्ता सपाट होता, आणि माझ्या पोटात उगीचच हसू येत होतं. मिटमिट्याच्या पुढं मी घंटी वाजवायला लागले, समोर कोणी नसताना. नवरा म्हणाला, कुणासाठी वाजवतेस? मी म्हटलं, ज्वारीसाठी. त्यानंही मग वाजवली. मास्तर आणि मास्तरीण पिकाला घंट्या ऐकवत चाललेली पाहून बांधावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला.

दौलताबादच्या अलीकडं मेंढरांचा कळप आडवा आला. मागं एक धनगरीण होती, डोक्यावर गाठोडं, हातात काठी. तिनं मला पायापासून टोपलीपर्यंत न्याहाळलं.

"व्हय गं बाय, ह्याला चारा काय घालती?"

"हवा," मी म्हटलं.

"मग झाकच हाय की," ती म्हणाली. "माझ्या दाल्ल्यापरीस बरं. त्यो भाकर खाऊन बी हालत नाय."

यावर माझा नवरा एक मैलभर नेहमीपेक्षा जोरात पायडल मारत होता.

मग घाट लागला. दौलताबादहून खुलताबादला चढणाऱ्या त्या रस्त्यावर माझं हसू पहिल्या वळणाला आणि दम दुसऱ्या वळणाला संपला. मी उतरले. सायकल ढकलत वर पोचले. नवरा आधीच उतरला होता, पण त्याच्या सायकलीवर कोणाचा दावा नव्हता.

वर खुलताबादेत आधी एका बादशहाची कबर पाहिली. मातीची, उघडी, वर सब्जाचं रोप. एवढ्या साध्या कबरीपुढं उभा राहून तिथला माणूस साधेपणाविषयी इतकं भरजरी बोलला, की मला आत झोपलेल्याची काळजी वाटली. तिथून दरगाहात गेलो. तिथले मुजावर, म्हणजे दरगाहाची सेवा पाहणारे, फार सभ्य वृद्ध होते. त्यांनी सुरईतलं गार पाणी दिलं, आणि बेटी, घाट कसा चढलीस, असं मायेनं विचारलं. घसा ओला झाला की माझी जीभ सैल सुटते. मी सगळं सांगितलं. दगडाची ठेच कुठं लागली तेही.

मग मी तस्दीकनामा मागितला. त्यांनी बोरू काढला, चष्मा पुसला आणि उर्दूत पाऊण पान लिहून खाली मोहोर उमटवली. कागद इतका सुंदर होता की आम्ही दोघं बराच वेळ पाहत राहिलो. वाचता कोणालाच येत नव्हता. नवरा चौथीपर्यंत उर्दू शाळेत होता, पुढं शाळाच मराठी झाली. त्याला अक्षरं ओळखीची वाटत होती, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"काय लिहिलं असेल?" मी विचारलं.

"लांब आहे," तो म्हणाला. "खोटं एवढं लांब लिहीत नाहीत."

दुसऱ्या दिवशी वेरूळचा उतार आम्ही पाय वर घेऊन उतरलो. पदर मागं फडफडत होता आणि मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. कैलास लेण्यापुढं एक मोठे साहेब उतरले होते, त्यांच्यासाठी तांबडं जाजम अंथरलं होतं. ज्यांनी डोंगर वरून खाली कोरत आणला त्यांच्या दारात हे चिंधीएवढं जाजम पाहून आम्हा दोघांना असं हसू फुटलं की शिपायानं आम्हाला शेवटच्या लेण्यापर्यंत लांब पाठवलं.

दिवस कलायच्या आत पाद्र्याच्या गावी पोचलो. काळ्या रानात एकदम दगडी मनोरा दिसतो, आणि वाटतं रस्ता चुकला. आत मात्र सगळं आपलंच. चपला बाहेर, बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं, जमिनीवर सतरंजी, ढोलकी आणि टाळ. कोनाड्यात एक संत होते, गुलाबी गालांचे आणि थंडीच्या देशातल्या कपड्यांत. त्यांना आमच्याकडच्या उन्हात घाम कसा येत नाही, याचं मला नवल वाटलं.

पाद्रीबाबा सत्तरीचे होते. तीस-पस्तीस वर्षं याच गावात राहून त्यांची मराठी आमच्यापेक्षा अस्सल झाली होती. निजामाच्या कचेरीत अर्ज करून करून उर्दूही आली होती. मी लगेच मुजावरांचा कागद पुढं केला. त्यांनी तो वाचला आणि दाढीतल्या दाढीत हसले.

"लई इमानदार मानूस हाय," ते म्हणाले. "लिवतो, ही नेकबख्त, म्हंजी भल्या नशिबाची, बाई सायकलीसंगं दरगाहात हजर झाली. सायकल तिचीच. पर घाट दोघी पायी चढल्या. खाविंद, म्हंजी ह्यो नवरा, त्यो बी मागून पायीच."

माझं हसू गेलं. कागद दिला तर 'स्वतःच्या सायकलीवर' हे कलम मोडलं, न दिला तर प्रवासच झाला नाही. दोन्हीकडून सायकल दिराची. नवरा म्हणाला, हुकुमात पायी चालायला मनाई कुठं आहे? मी म्हटलं, मामंजींनी कलमं लावण्यात उमर घातली आहे, तुम्ही त्यांना शिकवणार? मग तो हळूच म्हणाला, "तेवढीच एक ओळ पुसून टाकली तर?"

पाद्रीबाबांनी कागद घडी करून माझ्याच हातात दिला. त्यांच्या मुलखात म्हणे गावं टेकडीवर असतात आणि चर्च टेकडीच्याही माथ्यावर. तरुणपणी ते सायकलवर गावोगाव हिंडले होते, द्राक्षाच्या मळ्यांतून, वाटेत भाकरी-चीज खात, दर चर्चपाशी टेकत. "आन दर टेकडीला खाली उतरायचो, बाई. चढाला उतरनं म्हंजी हार नाय. ज्यो उतरत नाय त्यो खोटं बोलतो, न्हायतर त्येला मोटार हाय."

त्यांनी आपला दाखलाही लिहून दिला, मराठीत, टपोऱ्या अक्षरात. पण पाहिल्याशिवाय आपण लिहीत नाही म्हणून आधी सायकल तपासायला घेतली. लेडीज सायकलीला मधला दांडा नसतो, ही गोष्ट पायघोळ झगा घालणाऱ्याच्या फार सोयीची आहे. बाबांनी चर्चला तीन फेऱ्या मारल्या, दाढी उडते आहे, घंटी वाजते आहे. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि ढोलकीवाल्याला राहवलं नाही, त्यानं ठेका धरला. दाखल्यात त्यांनी लिहिलं, बाई सायकलीवर आली, सायकल चांगली आहे, मी चालवून पाहिली.

तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर घेत परतलो. शहरालगतच्या छावणीपर्यंत मी ती ओळ पुसायची की नाही याचाच विचार करत होते. शेवटी पुसली नाही. एवढ्या सुंदर अक्षराला बोट लावायचं जिवावर आलं, आणि खरं सांगायचं तर घाट मी पायीच चढले होते.

दीर दारातच होता. त्यानं हँडल धरलं, आणि मी कागद मामंजींच्या हातात दिले. मराठी दाखला त्यांनी बाजूला ठेवला. उर्दू कागद आधी मनात वाचला. मग उठून शेरवानी चढवली आणि उभं राहून मोठ्यानं वाचला. पुन्हा वाचला. प्रत्येक शब्दाला त्यांचा आवाज असा चढत होता जसा मी घरात कधी ऐकला नव्हता. पोलिस ॲक्शननंतर त्यांच्या हाती असा कागद आला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. घाटाच्या ओळीपाशी ते थांबले, मी डोळे मिटले. "वाह," ते म्हणाले, "दोघी पायी. काय लिहिलंय."

सासूबाईंनी आतून विचारलं, सायकलीचं काय ठरलं? मामंजींनी दौत मागितली.

मुजावरांना उत्तर लिहायला त्यांना दोन दिवस लागले. चार पानं, वर लाखेची मोहोर. दीर म्हणाला, मी टपालात टाकतो. टपालात लखोटा चुरगळतो, मामंजी म्हणाले, आणि स्वतः बाहेर येऊन त्यांनी तो माझ्या टोपलीत उभा ठेवला.

"सूनबाई, घाटात उतरलीस तरी हरकत नाही," ते म्हणाले. "जवाब घेऊन ये."