पारूबाईंनी उचललेलं झाकण

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पारूबाईंची चोवीस वर्षं गेली. ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आत किती ऊब धरलीय ते सांगायचं, हे त्यांचं काम. ऊब वाढली की गोणपाटं बाजूला सारून वाफ सोडायची, नाहीतर माल काळा पडायचा. दम्यानं वखार सुटली आणि लेकीपाठोपाठ त्या बेळगावला आल्या. एका प्रयोगशाळेत काचसामान धुवायचं काम मिळालं. कंत्राटी असलं तरी बसायला स्टूल होतं, नाकात धूळ जात नव्हती. त्याचंच त्यांना अप्रूप.

तिथं निपाणीचीच उपासना कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करायची. तिनं एकदा समजावलं होतं, "आक्का, ह्या पेशी अंगावरच्या खुणा झाकून बसत्यात. मग शरीराच्या राखणदारांना त्या वळखू येत न्हाईत. मी त्यांना तासभर ऊब देती, वर इंटरफेरॉन घालती. ते आपल्या शरीरातलंच प्रथिन, सावध व्हा म्हणून निरोप देणारं. दोन्हीनं खुणा वर येत्यात का बघायचं."

"म्हंजे चोराच्या तोंडावरचा रुमाल वढायचा."

"व्हय, तसंच."

पण खुणा कधी भरपूर दिसायच्या, कधी नुसत्या इंटरफेरॉननं दिसाव्यात तेवढ्याच. पाच महिने हेच. महिनाअखेर आकडे स्थिर झाले नाहीत तर काम बंद, असं वरून कळवलं होतं. एका दुपारी उपासना वही नि कॅलेंडर शेजारी ठेवून बसली.

"आक्का, मंगळवारी केलेलं तेवढंच जमतंय. मंगळवारात काय हाय गं?"

मंगळवारी पारूबाईंची सुट्टी असायची.

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. उपासना पेशींच्या बाटल्या बेचाळीस अंशांच्या पाण्यात ठेवून जेवायला जायची. मागं पारूबाई भांड्याला हात लावून बघायच्या. लई तापलंय वाटलं की झाकण उचलून वाफ सोडायच्या, पोरीचा माल करपू नये म्हणून. ती येईपर्यंत झाकण जागेवर, पाणी पुन्हा बेचाळीसवर. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर नोकरी जाणार, हे त्यांना दिसतच होतं.

"मंगळवारी मी नसती," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं.

उपासनानं झाकण काढून थर्मामीटर लावला. पंधरा मिनिटांत पारा एकोणचाळीसवर आला. "पाच महिने, आक्का," एवढंच बोलून ती बाहेर नळावर गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"आता तूच बसायचं हितं. दर पाच मिनटाला आकडा लिवायचा. झाकणाला हात न्हाय."

"कामावरनं काढत न्हाईस?"

"मग राखण कोण करंल?"

महिन्याच्या उरलेल्या तिन्ही आठवड्यांत आकडे एकसारखे आले. ऊब आणि इंटरफेरॉन मिळून त्या पेशींवरच्या खुणा ठळक होत होत्या. अहवालाच्या शेवटी तापमानाच्या नोंदींपुढं पारूबाईंचं नाव होतं. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

"आणि माझी चूक?"

"तीबी हाय की. ऊब उतरली तर खुणा वाढत न्हाईत, हे तुझ्या झाकणानंच दावलं. सबंध पान हाय त्याचं."

पारूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग स्टूल पुढं ओढलं, घड्याळ बघितलं आणि आकडा लिहिला, बेचाळीस.