उन्हाचं वजन

दुकानदाराने साखर तोलली की काटेवाले मामा म्हणायचे, "पुडा उचल. पहिले रिकामा काटा दाखव." काटा शून्यावर दिसला की मगच मामा साखर पिशवीत घ्यायचे, तीही तोंड वाकडं करून.

उभा जन्म त्यांनी खकनार रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर केळीचे ट्रक तोलले होते. एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवणारे ड्रायव्हर पाहून पाहून त्यांची नजरच तशी झाली होती. शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांच्या संशयातून कोणी सुटलेलं नव्हतं आणि मी तर भिंतीला भिंत लागून राहणारा.

गच्चीवर सोलर पॅनेल बसवा, असं मीच त्यांना सुचवलं. बसवल्याच्या पहिल्याच दुपारी मामांनी भर उन्हात पॅनेलवर ताडपत्री टाकली आणि मला खाली इन्व्हर्टरजवळ उभं केलं. आकडा शून्यावर आला.

"शून्य तर बरोबर दाखवून राहिला," मामा म्हणाले, "म्हणजे चोरी भरल्या मापात असेल." मग माझ्याकडे रोखून पाहत, "खरं सांग भाऊ, कंपनीवाल्यानं तुला काय दिलं?"

मला इतका राग आला की दोन महिने मी त्यांच्या ओट्यावर पाऊल ठेवलं नाही.

मामा मात्र रोज वहीत उन्हाचं वजन करायचे. ओट्यावर खडूच्या रेघा मारून ते उन्हाचे तास मोजत. तीन किलोवॅट गुणिले साडेचार तास, साडेतेरा युनिट. तारा आणि तापण्याचे दोन वजा. पॅनेल ते स्वतः पुसत, म्हणून धुळीचं काही नाही. पुढे गुडघ्यांनी जिना बंद केला. गल्लीतल्या यंत्रमागांची रुई काचेवर साचणार, म्हणून त्यांनी धुळीचा एक युनिट वजा धरला.

माझ्या गच्चीवरून ती मळलेली काच पाहून मला राहवेना. रोज सकाळी दोन गच्च्यांमधला कठडा ओलांडून मी गुपचूप पॅनेल पुसू लागलो.

पंधरा दिवसांत मामांनी पॅनेल काढून न्यायला माणसं बोलावली. मी धावत गेलो.

"रोज एक युनिट जास्त दाखवतो! कमी दाखवणारा काटा आपल्याला लुटतो. जास्त दाखवणारा आपल्याला चोर ठरवतो. असा काटा माझ्या घरात नाही चालायचा!"

मी पुसण्याचं कबूल केलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. "चार दिवस हात लावू नको," एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी आकडा एक युनिटाने खाली आला आणि मामींनी मला चहाला बोलावलं. मामा वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "उद्यापासून पूस." माफी वगैरे काही नाही.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. तेराव्यानंतर मामींनी ती वही मला दिली. मामांनी पुढच्या अख्ख्या वर्षाचा अंदाज महिन्यामहिन्याने मांडून ठेवला होता. तारांचे वजा, तापण्याचे वजा, ढगांचेही वजा. धुळीपुढे मात्र बाराही महिने शून्य लिहिलं होतं.

वही हातात धरून मी त्यांच्या ओट्यावर बसून रडलो. तेव्हापासून एकही सकाळ चुकवलेली नाही.