भारीतला लॅपटॉप

चहा आलाच आहे, तर सांगून टाकतो एकदाची माझी फजिती. पण एक अट आहे. हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवायचा. मागच्या वेळी सांगितली तेव्हा आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता.

माझा एक दोष आधीच कबूल करतो. मी तंद्रीत जातो. समोर माणूस बोलत असतो, मी मान हलवत असतो आणि मनाने कुठल्या कुठे! आमची ही म्हणते, "हे उभ्या उभ्या गावाला जाऊन येतात."

दुसरी भानगड भाषेची. मी मूळचा सांगलीचा. कारखान्याच्या नोकरीने वीस वर्षं हिंदी मुलखात फिरवलं आणि आता झाशीत आणून ठेवलं. तरी माझी हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' जोडलेली. उलट आमची रेवा, एकुलती एक लेक, याच मुलखात वाढली. तिची मराठी म्हणजे हिंदीला 'आहे' जोडलेली. घरात आमचं दोघांचं झकास जमतं. म्हणजे, जमतं असा माझा समज होता!

तर झालं काय, रेवाला इथल्याच एका संस्थेत कॉम्प्युटर गेम तयार करायच्या कोर्सला प्रवेश मिळाला. खेळायच्या नव्हे हो, तयार करायच्या! सोमवारी वर्ग सुरू, आणि स्वतःचा गेमिंग लॅपटॉप पाहिजेच. हिने बजेट ठरवून दिलं, सव्वा लाख.

"त्याच्यावर एक रुपया गेला, तर तुम्ही आणि लॅपटॉप, दोघं गॅलरीत झोपायचं."

रेवाने ग्राफिक्स कार्ड, रॅम, सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं. मी चपला घालतोय तोवर मागून म्हणाली, "बाबा, भारी वाला नका आणू हां. हलका वालाच बघा. भारी मला नाही संभलणार."

झालं! पोर बापाचा खिसा बघत होती! तिची पहिली सायकल मी जुनी आणली होती, तेव्हाही बिचारी 'छान आहे' म्हणून गुपचूप चालवत राहिली. आणि आज एवढं मोठं स्वप्न दारात उभं असताना म्हणतेय, हलक्यातला बघा. महागाची वस्तू मला सांभाळता येणार नाही. अरे, बाप मेलाय का?

सिव्हिल लाइन्सपासून सदर बाजारपर्यंत ऑटोत मी डोळे पुसत होतो. छावणीच्या शांत रस्त्यावर झाडांची सावली अंगावरून सरकत होती आणि मला पुढची दहा वर्षं दिसत होती. रेवाने तयार केलेल्या नद्या, तिचे डोंगर, तिचं धुकं. जगभरची पोरं त्या धुक्यात हिंडताहेत. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'बाबांना'. मी मनाशी ठरवलं, आज आणायचा तर भारीच!

दुकान बबलू भैयाचं. काउंटरमागे तो, शेजारी खुर्चीवर त्याचे म्हातारे पिताजी.

"भैया, गेमिंग का लैपटॉप चाहिए। बेटी के लिए। और देखो, हलका बिलकुल नहीं चाहिए।"

"हल्का नहीं चाहिए?" बबलू भैया थबकला. "सर, सब तो हल्का ही माँगते हैं।"

"माँगने दो! लोगों का क्या! हमारी एक ही बेटी है। हमको भारी दिखाओ।"

त्याने एक काढला. मी चिठ्ठी ताडून पाहिली. सगळं जुळत होतं. विचारलं, "इससे भारी?"

त्याने दुसरा काढला. "इससे भारी?"

आता पिताजी खुर्चीत सरळ होऊन बसले. बबलू भैयाने वरच्या फळीवरून दोन्ही हातांनी एक काळं धूड उतरवलं, काउंटरवर ठेवलं आणि कपाळ पुसलं.

"सर, ईमानदारी से बता रहा हूँ। इससे भारी आपको ग्वालियर तक नहीं मिलेगा।"

त्याने बटण दाबलं. आणि काय सांगू तुम्हाला! कीबोर्डच्या बटणांखालून निळा, जांभळा, गुलाबी उजेड वाहायला लागला. पडद्यावर एक तळं होतं. पहाट झालेली. काठाकाठाने एक पांढरा घोडा एकटाच चालला होता, आणि पाण्यातही एक घोडा चालला होता. मी गेलो! दुकान राहिलं मागे, मी त्या तळ्याकाठी. गवताचा वाससुद्धा आला, खोटं नाही सांगत.

लांबून कुठून तरी बबलू भैयाचा आवाज येत होता. "सर, बिटिया सँभाल लेगी इतना भारी?"

"क्यों नहीं सँभालेगी?" मी घोड्यावरची नजर न काढता म्हणालो. "बचपन से उसको भारी ही देता हूँ। कपड़ा भारी, जूते तो सबसे भारी।" सायकलीचं मुद्दाम सांगितलं नाही.

"जूते भी?"

"जूते में हलकापन चलता ही नहीं।"

दोघा बापलेकांत काही तरी कुजबुज झाली. मग पिताजींनी हळूच विचारलं, "बिटिया फौज में जाएगी?"

मला वाटलं, तिच्या गेमबद्दल विचारताहेत. म्हटलं, "फौज, किला, घोड़े, सब करेगी! आप देखना।"

म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने मला चक्क सॅल्यूट ठोकला. मी म्हटलं, काय अगत्य आहे या बुंदेलखंडात! मीही ठोकला.

"बबलू, इनसे कम ले," पिताजी म्हणाले.

किंमत आली एक लाख दहा हजार. सव्वा लाखाच्या आत! मी थक्क. "इतना भारी, और इतना सस्ता?"

"भारी है, तभी तो सस्ता है, सर," बबलू भैया म्हणाला.

काय तो विनय! मी त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

तुम्ही म्हणाल, अहो, उचलताना तरी कळायला हवं होतं! उचललाच कुठे? त्यानेच ऑटोत ठेवला. ऑटोवाल्याने तो खोका सीटवर नीट सरकवला आणि म्हणाला, "काय बाबूजी, जामें का धरो? चकिया को पाट?" जात्याचं दगडी पातं आहे का, म्हणे! मी नुसता हसलो. अडाणी माणूस, त्याला काय ठाऊक आत अख्खं तळं आहे! घराचे दोन जिने चढताना मात्र तीनदा थांबलो. पण सुखाचंही ओझं असतंच की माणसाला.

रेवाने खोका उघडला. बघतच राहिली. मला वाटलं, पोरीचा ऊर भरून आला. माझाही आला.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी बोलले होते ना, हलका वाला?"

"बोललीस गं राणी. पण बापाला कळत नाही का? पैशाची काळजी तू नाही करायची."

"पैशाचं कोण बोलतंय? वज़न, बाबा! वज़न! रोज बॅगमध्ये घेऊन जायचं आहे. तिसरी मंज़िल आहे. लिफ्टपण नाही!"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी वीस वर्षांची हिंदी माझ्या डोक्यात एकदम उतरली. भारी म्हणजे जड! हलका म्हणजे वजनाला हलका! आमच्या हिने बाथरूममधला वजनकाटा आणून मधोमध ठेवला. चार्जरसकट साडेपाच किलो. मग भिंतीला टेकून ही जी हसत सुटली, ती पदराने डोळे पुसत आत गेली.

मी तसाच पुन्हा सदर बाजारात गेलो. बबलू भैया हात जोडून म्हणाला, "सर, डिब्बा खुल गया, अब वापस कैसे लूँ? और आपने ही तो कहा था, जूते तक भारी!" वर शेजारचा चपलांचा दुकानदार येऊन अदबीने विचारतो, "साहब, हमारी लड़की भी भर्ती की तैयारी कर रही है। आप बिटिया को कितने किलो से शुरू कराए थे?"

घरी येऊन मी खुर्चीत बसून राहिलो. खरंच रडू येत होतं. पोरीच्या आयुष्यातली पहिली मोठी वस्तू, आणि मी तिच्या पाठीवर धोंडा आणून ठेवला! रेवा जवळ येऊन बसली. मी सगळं सांगितलं, सायकलीपासून. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "पागल आहात तुम्ही, बाबा. हाच चालवणार मी. एकदम मस्त आहे."

"आणि तिसरा मजला?"

उत्तरही मीच दिलं, "रोज मी पोचवतो." बापच मी!

तेव्हापासून कारखान्यात जायच्या आधी रोज सकाळी ते धूड माझ्या पाठीवर असतं. रेवा पुढे, हात मोकळे, टणाटण चालते. मागे मी, वाकलेला, घामाघूम, वर्गापर्यंत पोचवून येतो. पहिल्या दिवसापासून संस्थेच्या फाटकावरचा पहारेकरी मला मोठ्या आदराने नमस्कार करायचा. मला वाटलं, बापाची माया कळतेय त्याला.

परवा त्याने रेवाला थांबवलं आणि चांगलंच फैलावर घेतलं.

"बिटिया, पापा को देखो! इस उमर में रोज़ लैपटॉप लेकर क्लास आते हैं। और तुम रोज़ खाली हाथ! ऐसे ही चला, तो पापा पास हो जाएँगे और तुम रह जाओगी।"