थांबा म्हणजे किती

म्हैसूर माझंच गाव, त्यामुळे तिथली पोस्टिंग सोपी जाईल असं वाटलं होतं. मी तेव्हा लेफ्टनंट, नर्सिंग ऑफिसर. आठ खाटांचा पुनर्वसन वॉर्ड, येलवाल रस्त्यावर. साडेसहाला बीपी, सातला श्वसनाचे व्यायाम.

खाट तीनवर निवृत्त सुभेदार जाधव. ड्रिल इन्स्ट्रक्टर, घर लष्कर मोहल्ल्यात. स्ट्रोकने उजवी बाजू लुळी पडली होती, आवाज पुटपुटण्याएवढा उरला होता. पूर्वी ते गल्लीच्या टोकावरून बायकोला, पद्माबाईंना, हाक मारत. तेवढी हाक त्यांना परत हवी होती.

“साकु री, पुरे आता,” पद्माबाई म्हणायच्या. “हळू बोललात तरी ऐकू येतंय मला. गल्लीला कशाला त्रास?”

डॉक्टर मेजरांची ऑर्डर स्पष्ट होती. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. श्वास रोखायचा नाही, बीपी चढतं. म्हणून मी दोनच शब्द वापरायचे, “घ्या” आणि “सोडा”. भ्रामरीचा गुंजारव हळूहळू लांबत होता.

“मॅडम, मराठी कॉन्व्हेंटचं,” सुभेदार एकदा म्हणाले. “हुकूम पक्का.”



गुरुवारी सात दहाला मी “घ्या” म्हटलं आणि ड्यूटी रूममधला फोन वाजला.

“थांबा,” म्हणून मी गेले.

मला म्हणायचं होतं, आलेच. पण त्यांनी जन्मभर परेडला “थम” शिकवलं होतं. पुढचा हुकूम येईपर्यंत हलायचं नाही.

मी मिनिटाभरात परतले. ते ताठ बसले होते. चेहरा जांभळट, नजर भिंतीवर.

“सोडा! साहेब, सोडा!”

श्वास सुटला. बीपी फार चढलं होतं. मी मेजरांना बोलावलं, घडलं ते सगळं सांगितलं. साडेआठला बीपी उतरलं.

“का नाही सोडलात?” मी त्यांना विचारलं.

“हुकूम नव्हता.”

रविवारी सकाळी त्यांना दुसरा स्ट्रोक आला. दुपारी ते गेले. गुरुवारशी त्याचा संबंध जोडता येणार नाही, असं मेजर म्हणाले. तसं असेलही.

सामान न्यायला पद्माबाई आल्या, तेव्हा मी त्यांना गुरुवारचं सांगितलं. त्या बराच वेळ चादरीची घडी घालत राहिल्या.

“शनिवारी हाक मारली त्यांनी मला,” त्या म्हणाल्या. “व्हरांड्यात ऐकू आली. तुम्ही सुट्टीवर. परत मारा म्हटलं, तर नाही. सोमवारी मॅडमना ऐकवतो म्हणून थांबले.”

आता मी फौजेत नाही. देवराज मोहल्ल्यात स्ट्रोकच्या रुग्णांचा श्वसनाचा वर्ग घेते. फोन वाजला तरी उठत नाही. शेवटी “सोडा” म्हणते, समोरच्यांसाठी. मग एकदा मनातल्या मनात, सुभेदारसाहेबांसाठी.