भाऊसाहेबांचा पन्नास वर्सांचा प्लॅन

पैज लावता काय? मी आता सांगनार हाय त्याचा शेवट तुमच्यातल्या एकानं जरी वळखला, तर माझ्या माडाची शहाळी तुमची, हवी तेवढी प्या! रेवदंड्याच्या धक्क्यावर बसून किती जनांना घातलंय हे कोडं. कोनी म्हनतं तोफ फुटली, कोनी म्हनतं प्रेसिडेंट बुडाले. हॅट! तसलं कायबी न्हाय.

किश्श्यांचं कसं असतं, माळ्यावर टाकलेल्या करवंट्यांसारखं. आज एक टाका, उद्या एक टाका, कदी ढीग झाला ते कळत न्हाय. आनि एक काढाया जावं तर सगळ्या गडगडत डोक्यावर!

तर सन तीसच्या आगंमागंची गोष्ट. चौलात अण्णांची सुपारीची वाडी व्हती. अण्णा शाळामास्तर. वाडीतल्या कोठीत त्यांनी अजबखाना मांडलेला. जुनी मडकी, फुटक्या मूर्ती, गंजलेली नानी, कुनाच्या नांगराला जे लागंल ते अण्णा उचलून आनायचे, पुसायचे, कपाटात ठेवायचे. मी तिथला शिपाई. झाडू मारायचा, कुलूप लावायचं, आनि आल्यागेल्याची फिरकी घ्यायची. तिसरं काम कुनी सांगितलं नव्हतं, मी आपलं मनानं करायचो!

त्याच वक्ताला सगळ्या इलाख्यातल्या अजबखान्यांचं एक मंडळ निघालं. प्रेसिडेंट भाऊसाहेब, मुंबईचे रिटायर जज्ज. सेक्रेटरी नाना, अलिबागचे वकील. आता इलाखा केवढा मोठा! पन मिटिंगा भरायच्या अण्णांच्या वाडीत. कारन येकच, अण्णांची बायको, आमच्या काकू, आनि त्यांच्या हातचं वालाचं बिरडं.

मिटिंगचा इषय काय, तर येत्या पन्नास वर्सांचा प्लॅन. पाच मोठे जाड कागद, येकेक कागद धा वर्सांचा. आनि पैल्याच कागदावर लिवलेलं, गावोगावचे बारके अजबखाने बंद करा, सामान मुंबईच्या मोठ्या अजबखान्यात हलवा. म्हंजे अण्णांचा पन! अण्णांनी सारा जन्म घातला व्हता त्या कोठीत. पन मानूस असा भिडस्त, की भाऊसाहेबांच्या पानात बिरडं वाढता वाढता त्यांनी ते ऐकून घेतलं. वर म्हनाले, "अजून थोडं घ्या ना."

* * *

पैली मिटिंग. भाऊसाहेब उभे ऱ्हायले आनि म्हनाले, "मित्रहो, पन्नास वर्षांनंतर आपलं मंडळ कुठे असेल? डोळे मिटा आणि चित्र पाहा."

कमिटीत साठीच्या खालचा येकबी नव्हता. डोळे मिटायला सांगितल्यावर काय इचारता! सगळ्यांनी लगेच मिटले, आनि कोपऱ्यातले दोघं घोरायला लागले.

मी चहा घेऊन उभा. भाऊसाहेबांना वाटलं, गड्यालाबी जरा सामील करून घ्यावं. म्हनाले, "धर्मा, तूही पाहा. काय दिसतं तुला?"

मी डोळे मिटले. "दिसतंय, साहेब."

"काय?"

"लायनीनं फोटो. सगळ्यांना हार घातलेले!"

* * *

येकदा उन्हाळ्यात भाऊसाहेब नि नाना बोटीनं येताना लाट उडाली आनि प्लॅनचे कागद भिजले. नाना म्हनाले, "धर्मा, उन्हात घाल." मी अंगनात पसरले, वर दगड ठेवले, आनि जाऊन पडलो.

त्याच दिवशी काकूंना आमसुलं वाळत घालायची व्हती. चटया सगळ्या मिरच्यांनी अडलेल्या. त्यांनी अंगनातनं हाक मारली, "धर्मा, हा कागद स्वच्छ आहे ना रे?"

मी पडल्या पडल्या वरडलो, "येकदम! वीस वर्सांपुढचा हाय, अजून कुनी वापरला न्हाय!"

सांजेला मिटिंग. भाऊसाहेबांनी तिसरा कागद उलगडला. त्यावरच्या इलाख्याच्या नकाशावर ही जांभळी जांभळी टिपकी! बराच येळ बगत ऱ्हायले आनि म्हनाले, "नाना, हे जिल्हे तुम्ही वेगळ्या रंगात दाखवलेत. कोणते हे?"

नानांना काय ठावं? पन सेक्रेटरीला "माहीत नाही" म्हनता येत न्हाय. घसा खाकरून म्हनाले, "ते... ते महत्त्वाचे, भाऊसाहेब."

"उत्तम! मग याच जिल्ह्यांना आधी मदत द्यायची."

ठराव पास! रत्नागिरी तर पुरती जांभळी झालेली, उतार तिकडंच व्हता. आमचा जिल्हा मात्र कोराच्या कोरा!

मी काकूंना हे सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मेल्या, आधी बोलायचं होतंस! चार आमसुलं इकडे सरकवली असती!"

* * *

मंग भाऊसाहेबांनी अण्णांना जरा धीर दिला. म्हनाले, "लोक खरोखर येत असतील, तर तुमचं संग्रहालय ठेवायचा विचार करू. मी स्वतः येऊन पाहीन."

अण्णांचं तोंड उतरलं. येनार कोन? येक मी, आनि येक वाडीतली मांजर.

मी म्हनलं, "अण्णा, जत्रेच्या दिवशी बोलवा त्यांना. बाकीचं माज्यावर सोडा."

चौलच्या टेकडीवर दत्ताची जत्रा भरते. मानसं टेकडी चढून उतरतात, घसे कोरडे पडतात. मी वाटंवरचा पान्याचा रांजण उचलला आनि अजबखान्याच्या मागल्या खोलीत नेऊन ठेवला. पानी पायजे तर सगळी कपाटं वलांडून जायाचं!

काय ती गर्दी! दारात रेटारेटी. येका आजीनं तर भाऊसाहेबांना कोपरानं बाजूला केलं, म्हनाली, "सरक रं बाबा, मागनं आलास आनि म्होरं उभा ऱ्हातूस!"

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. "अण्णा, एवढी आस्था! मला कल्पनाच नव्हती."

अण्णा माज्याकडं बगायला लागले. मी छपराकडं.

तेवढ्यात येक आगरी बाई काचेच्या कपाटाला नाक लावून उभी ऱ्हायली. आत अण्णांची जुन्यात जुनी मडकी. भाऊसाहेब कौतुकानं जवळ गेले. "काय पाहता, बाई?"

"बगते कुठं! सगळी कोरडी ठाक हायेत. दादा, पानी कंच्यात हाय?"

अण्णा परत पैल्या कागदावर!

* * *

त्यानंतर पुन्याहून येक प्रोफेसर आले. अण्णांच्या वस्तूंत खरंच दम हाय का, ते ठरवायला. मला त्यांचा राग आला. दारातच म्हनाले, "खेड्यात काय असणार!"

मी काय केलं, सैपाकघरातला काकूंचा झिजलेला वरवंटा आनून मधल्या कपाटात ठेवला. खाली लाल फडकं.

प्रोफेसर तिथंच अडकले! चष्मा लावला, काढला, परत लावला. वरवंटा दोनी हातांवर घेतला. नाना वहीत लिवतायत, भाऊसाहेब माना डोलावतायत. अण्णांना घाम फुटलेला. खरं बोलावं तर पाव्हन्याचा अपमान, न बोलावं तर पाप!

प्रोफेसर म्हनाले, "हा दोन हजार वर्षांचा ऐवज आहे. हा मुंबईलाच हवा."

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत आल्या. "हा इथे होय! मी केव्हाची शोधतेय," म्हनून त्यांनी प्रोफेसरच्या हातातनं तो सरळ काढून घेतला.

"अहो बाई! दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे तो!"

"असू दे हो," काकू जाता जाता म्हनाल्या, "चटणी आजची आहे!"

प्रोफेसर जेवायला थांबले न्हाईत. पन जाताना भाऊसाहेबांना सांगून गेले, हे सगळं बंद करा. आनि तारीख ठरली.

* * *

आता शेवटला.

त्या दिवशी पैलं सामान मुंबईच्या बोटीनं जायचं व्हतं. अण्णा सकाळधरनं कोठीत बसून येकेक मडकं पेंढ्यात गुंडाळत व्हते. काकूंनी बिरडं केलं नव्हतं, यावरनं काय ते वळखा.

भाऊसाहेबांना अण्णांच्या सामानासंगं रेवदंड्याची तोफबी न्यायची व्हती. खाडीच्या तोंडाशी वाळूत येक फिरंगी तोफ उभी पुरलेली. कोळ्यांच्या आज्यापंज्यापासनं होड्या तिलाच बांधतात. वहोटी लागली तशी भाऊसाहेबांनी गावातले धट्टेकट्टे कोळी सगळे कामाला लावले. तोफ उपसली, गाडीवर चढवली, आनि सगळे गडी गाडी ढकलत धक्क्याकडं गेले. नाना म्होरं.

मागं ऱ्हायलो आमी तिघं. भाऊसाहेब, मी, आनि हिराबाय कोळीन. तिच्या दोन होड्या वाळूवर कलंडलेल्या, दोर मोकळे.

हिराबाय कमरेवर हात ठेवून म्हनाली, "साहेब, तोफ न्हेलीत. मी होड्या कशाला बांधू?"

"बाई, प्लॅनमध्ये तरतूद केली आहे. पाचव्या वर्षी इथे पक्का खांब मिळेल."

"पाच वर्सं भरतीला काय सांगू? थांब म्हनून?"

भरती थांबली न्हाय. पानी आलं, होड्या उचलल्या, आनि दोर सरसर निघाले. हिराबायनं झडप घालून दोनी पकडले, आनि येकेक भाऊसाहेबांच्या येकेका हातात दिला. "धरा! सुटल्या तर व्हावत जातील, आनि माजी पोटापान्याची जाळी पन!" आनि ती होड्यांतली जाळी काढायला पान्यात शिरली.

मानूस जज्ज असला तरी सज्जन. त्यांनी पाय रोवले. पन काथ्याचा दोर तो! हिसका बसला तसे कळवळले, "धर्मा, हात सोलले रे! काहीतरी दे गुंडाळायला!"

"तुमचा कोट काढू?"

"खबरदार! विलायती आहे!"

"मंग माजी लंगोटी सोडली तर हितं दुसरं काय हाय, साहेब?"

दुसरं येकच व्हतं. त्यांच्या काखेत पत्र्याची नळी. आत पन्नास वर्सांचा प्लॅन, नानांनी म्हयनाभर बसून उतरवलेला, सरकारात द्यायला. आमसुलांच्या डागांचे जुने कागद फेकून दिलेले, दुसरी नक्कल नव्हती. मी त्या नळीकडं बगितलं न्हाय. शप्पत! मी दर्याकडं बगत व्हतो.

भाऊसाहेब मात्र बगायला लागले. येक लाट आली. दुसरी आली.

"धर्मा."

"जी."

"नळी उघड."

"साहेब, तिच्यात तर..."

"उघड म्हणतो ना!"

मी येकेक दोर धरला, त्यांनी येकेक हात गुंडाळून घेतला. मंग मी गडी बोलवायला गेलो. पळतच गेलो, पन वाटंत तंबाखू मळायला जरा थांबलो. चुना संपला व्हता, तो मागायला जरा आत गेलो. माज्या वयाच्या मानसानं किती पळायचं?

गडी घेऊन आलो तवा भाऊसाहेब कमरेएवढ्या पान्यात. होड्या दोनी जागेवर. कोट सुरूच्या फांदीवर कोरडा, हात गुंडाळतानाच त्यांनी तो काढून दिला आनि मी टांगला व्हता. मागनं अण्णा आले, पैली पेटी डोक्यावर घेऊन. ते दृश्य बगून जागीच उभे ऱ्हायले.

भाऊसाहेब म्हनाले, "अण्णा, ती पेटी घरी न्या. आणि कुणीतरी आधी माझी तोफ परत आणा!"

पैला आनि दुसरा कागद उजव्या हाताला गेला, तिसरा आनि चवथा डाव्या हाताला. पाचवा तेवढा मी काखेत मारून संगं नेला व्हता, कोरडाच. तो भाऊसाहेबांनी मागून घेतला आनि त्यानं तोंडावरचं खारं पानी पुसलं.